गाण्यांचा शेजार

१८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी प्राचीन मराठी कवितेच्या वेच्यांचे ‘नवनीत’ प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या मराठी विद्यार्थ्यांना मुक्तेश्वर, वामनपंडित आणि मोरोपंत प्रथम भेटले ते आपापल्या समग्र ग्रंथांतून नव्हे, तर त्या एका संग्रहाच्या पानांतून. वेचे निवडणारा मनुष्य स्वतः एक ओळही रचीत नाही; परंतु कोणती ओळ पुढच्या पिढीच्या जिभेवर राहावी आणि कोणती पोथीतच पडून राहावी, याचा निवाडा त्याच्या हातून नकळत होऊन जातो, आणि एका वेच्याशेजारी दुसरा वेचा मांडताना तो दोहोंवरही असे भाष्य करून ठेवतो, की जे टीकाकाराच्या दहा पानांतूनही क्वचितच साधावे. चित्रपटसंगीताच्या मुलुखात हे काम दीर्घ तबकडीने केले. ते सोयीसाठी झाले असेल, विक्रीसाठी झाले असेल. पण झाले हे खरे, आणि त्याचे मोल ओळखण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न आहे.

पुढील टिपणे ज्या जुन्या तबकडीच्या निमित्ताने लिहिली गेली, तिच्यावर बारा गाणी आहेत. गाणारा कंठ सर्वत्र लता मंगेशकरांचा, आणि चाली सर्वस्वी मदनमोहनांच्या. बारा इंच व्यासाची, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी ती काळी तबकडी आमच्या घरी आली, तेव्हा तिच्यावरील एकही गाणे आम्हांला अपरिचित नव्हते. मुखडे पाठ होते, वाद्यांचे तुकडे पाठ होते, कोणत्या शब्दावर श्वास येतो हेही पाठ होते. नवा होता तो केवळ त्या गाण्यांचा शेजार. आणि त्या शेजाराने जे ऐकवले, ते सुटी गाणी वर्षानुवर्षे ऐकूनही आमच्या कानी पडले नव्हते, हे येथे कृतज्ञतेने नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

त्यापूर्वी हीच गाणी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ठिसूळ, लाखेच्या तबकड्यांवर निघत, आणि कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यातून देशभर जात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. त्यामुळे पडद्यावर ऐसपैस पसरलेल्या गीताचे एखादे कडवे तबकडीसाठी गाळावे लागे, आणि मागील बाजूस असलेल्या दुसऱ्या एका गाण्याखेरीज त्याला सोबतही नसे. रेडिओवर तर हा शेजार निव्वळ योगायोगाचा. १९५२ नंतरच्या काही वर्षांत आकाशवाणीने चित्रपटगीतांना आपले दार जवळजवळ लावूनच घेतले होते, श्रोते सिलोनच्या केंद्राकडे वळले होते, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाल्यावर ती गाणी स्वगृही परतली. परंतु कोठेही झाले तरी एका संगीतकाराच्या गाण्यामागून दुसऱ्याचे, दुसऱ्यामागून तिसऱ्याचे, असा तो बाजाराच्या दिवसासारखा मेळावा असे. नामोल्लेखाची वहिवाटही अजून पक्की झाली नव्हती. ‘महल’ या १९४९ सालच्या चित्रपटातील विख्यात गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचे नव्हे, तर पडद्यावरील ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापले होते, ही गोष्ट आज कोणास खरी वाटणार नाही. अशा काळात गाणे लोकांच्या घरात शिरे. त्याच्या मागे उभा असलेला एक विचार करणारा मनुष्य मात्र उंबरठ्याबाहेरच राही.

मदनमोहनांच्या बाबतीत हे अधिकच घडले, कारण त्यांच्या चालींचे भाग्य ज्या चित्रपटांना बांधलेले होते त्यांतले अनेक तिकिटांच्या खिडकीवर हरले. ‘जहाँआरा’ (१९६४) हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण. चित्रपट पडला की त्याच्या पेट्या वितरकाच्या गुदामात जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यातील संगीतालाही अपयशाचा डाग लागतो. संगीतकाराचा अपराध काय, याची चौकशी कोणी करीत नाही. लौकिकाच्या दप्तरात त्यांच्या नावावर जमा फार थोडी आहे: फिल्मफेअरचा पुरस्कार त्यांना हयातीत एकदाही मिळाला नाही, आणि राष्ट्रीय पुरस्कार लाभला तो राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘दस्तक’ (१९७०) या चित्रपटासाठी, म्हणजे कारकिर्दीची वीस वर्षे उलटून गेल्यावर. म्हणून ज्या दिवशी ‘अदालत’, ‘संजोग’, ‘अनपढ’, ‘वो कौन थी’, ‘मेरा साया’ अशा निरनिराळ्या चित्रपटांतील चाली एका तबकडीवर एकत्र आल्या, त्या दिवशी खिडकीवर झालेल्या निवाड्यावर जणू एक अपील दाखल झाले, आणि त्याची सुनावणी घरोघरच्या श्रोत्यांपुढे चालू झाली. ती सुनावणी अजून संपलेली नाही; पण तिचा कौल कोणीकडे झुकला आहे, हे सांगण्यास साक्षीदाराची गरज उरलेली नाही.

हा संगीतकार घडला तरी कोठे? मदनमोहन कोहली यांचा जन्म २५ जून १९२४ रोजी बगदाद येथे झाला. वडील रायबहादुर चुनीलाल तेथे इराकी पोलीस खात्याच्या हिशेबाचे काम पाहत होते. पुढे घराणे पंजाबातील चकवाल येथे परतले, आणि तेथून मुंबईस आले, जेथे रायबहादुर प्रथम बॉम्बे टॉकीज आणि नंतर फिल्मिस्तान या संस्थांच्या उभारणीत अग्रभागी होते. अशा पित्याच्या पुत्राला चित्रपटाचे दार सहज उघडले असेल, असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात महायुद्धाच्या काळात हा तरुण सैन्यात रुजू झाला, युद्ध संपल्यावर लष्करी पोशाख उतरवून लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरीस लागला, आणि तेथेच त्याच्या आयुष्याला खरे वळण मिळाले. फैयाझ खाँ, अली अकबर खाँ, बेगम अख्तर, तलत महमूद अशा कलावंतांचा सहवास त्या केंद्रावर घडला. गुरुगृही राहून रीतसर गंडाबंधनाने घेतलेली तालीम त्यांच्या वाट्याला आली नाही, आणि तरीही रागाच्या अंतरंगाची जी जाण त्यांच्या चालींतून प्रकट होते ती पाहून मोठमोठे गवई विस्मित झाले. कारण ऐकणे हीच ज्याची तालीम असते, त्याला रागाचे व्याकरण कदाचित उशिरा कळते, पण रागाचा स्वभाव आधी कळतो.

आणि तो कंठ? त्याचा उगम आम्हा मराठी वाचकांना सांगावयास नको. तरी या संदर्भात त्यातील एक गोष्ट पुन्हा ध्यानी घेण्याजोगी आहे. मास्तर दीनानाथ मंगेशकरांच्या घरी, नाट्यपदांच्या तेजस्वी आणि चपल गायकीत ज्या कानांचे भरणपोषण झाले, ते कान १९४२ साली पितृछत्र हरपल्यानंतर मुंबईत येऊन उर्दूच्या उच्चारांसाठी नव्याने शाळेत बसले. दिलीपकुमारांनी मराठी माणसांच्या उर्दूविषयी काढलेला एक उद्गार मनाला लागला, म्हणून लताबाईंनी मौलवींकडून उर्दूचे पाठ घेतले, ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. नुक्त्याखालचा ‘ख’ आणि बिननुक्त्याचा ‘ख’, ‘ज’चे निरनिराळे उच्चार, ‘क’ कंठातून किती खोलवरून यावा, हे सारे त्या वयात कष्टाने कमावलेले धन होते. आणि ज्या संगीतकाराला गझलेतील एकेक शब्द सुरांइतकाच प्रिय होता, त्याच्याकडे हे धन सर्वांत अधिक सत्कारणी लागले. मराठीत माधव जूलियनांनी ‘गज्जलांजलि’ (१९३३) लिहून गझलेचे वृत्त आपल्या कवितेच्या अंगणात आणले होते. तिचा नाद मात्र बहुसंख्य मराठी घरांना प्रथम कळला तो एका मराठी मुलीच्या कंठातून, हा योग मला विलक्षण हृद्य वाटतो.

या दोघांची पहिली भेट भाऊ आणि बहीण म्हणूनच झाली. ‘शहीद’ (१९४८) या चित्रपटासाठी गुलाम हैदर यांनी भावाबहिणीचे एक द्वंद्वगीत या दोघांच्या आवाजात मुद्रित केले होते. ते चित्रपटात आले नाही, पण त्याने बांधलेला धागा आयुष्यभर टिकला. मदनमोहनांनी स्वतंत्रपणे संगीत दिलेला पहिला चित्रपट ‘आँखें’ (१९५०). त्यात लताबाई नाहीत. त्या आल्या १९५१ सालच्या ‘अदा’पासून, आणि तेव्हापासून चोवीस वर्षांत सुमारे दोनशे गाणी या जोडीने सिद्ध केली. लताबाईंनी त्यांना गझलेचा शहजादा म्हटले. पदवी मोठी खरी, पण राजपुत्राला राज्य वारशाने मिळते, आणि या माणसाने ते श्रमाने मिळवले होते.

आता मूळ विषयाकडे वळतो. गझल ही चित्रपटाच्या संगीतकारास मोहात पाडणारी, आणि तितकीच अडचणीत टाकणारी रचना आहे. तिच्यात प्रत्येक शेर स्वतंत्र. एकात विरह असेल, दुसऱ्यात उपरोध, तिसऱ्यात शरणागती. सर्वांना बांधणारे सूत्र फक्त वृत्ताचे, काफियाचे आणि रदीफाचे. तबकडीच्या सव्वातीन मिनिटांत मतला आणि दोन-तीन शेर बसवायचे, तर प्रत्येक शेरास नवी चाल देता येत नाही; एकाच अंतऱ्याच्या साच्यात निरनिराळे अर्थ ओतावे लागतात. येथे सामान्य संगीतकार शब्दांना साच्यात कोंबतो. मदनमोहन साचाच असा घडवतात, की त्यात अर्थाला हलण्यापुरती जागा राहावी: ओळीच्या मध्यावर एक क्षणभराचा थांबा, एखादी लांबलेली मींड, जिच्या उतारावर शब्दाची धार बोथट न होता उलट स्पष्ट व्हावी, आणि ध्रुवपदाकडे परतताना एक असे वळण, की परत आलेली ओळ पूर्वीची न वाटता नुकत्याच ऐकलेल्या शेराने भिजलेली वाटावी. ‘अदालत’ (१९५८) या चित्रपटात राजिंदर कृष्ण यांच्या तीन गझला लताबाईंच्या आवाजात आहेत. एका चित्रपटात, एका नायिकेसाठी, एका कवीच्या तीन गझला देणे हे तीन वेळा तेच बोलण्याचे संकट होते. परंतु त्या लागोपाठ ऐकाव्यात, म्हणजे एकीत साचलेले दुःख, दुसरीत तक्रारीचा स्वर, आणि तिसरीत दुराव्याची शांत कबुली, असे दुःखाचे तीन प्रहर कसे उलगडतात ते ध्यानी येते. हा भेद शब्दांत आहे हे खरे. पण शब्दांतला भेद सुरांनी मान्य केला, हे श्रेय चालीचे आणि कंठाचे.

संग्रहाने गाण्यांना चित्रपटातून सोडवले, हा त्याचा दुसरा उपकार. ‘अनपढ’ (१९६२) या चित्रपटाचा विषय, नावाप्रमाणेच, अक्षरशत्रू राहिलेल्या एका स्त्रीची परवड हा. आणि त्याच चित्रपटात राजा मेहदी अली खान यांनी लिहिलेल्या, उर्दूच्या संस्कारांनी नटलेल्या दोन गझला आहेत. पडद्यावर पाहताना चिकित्सक मनाला हा विसंवाद जाणवल्याखेरीज राहत नाही, की जिला अक्षरओळख नाही तिच्या तोंडी ही भाषा आली कोठून? तबकडीवर तो प्रश्नच विरून जातो. तेथे कोणी नायिका नाही, पती नाही, कथानक नाही. उरते ती एक कृतार्थ कृतज्ञता, आणि तिच्या शेजारी एक अभिमानाने सोसलेली व्यथा. नौशादांसारख्या श्रेष्ठ संगीतकाराने या दोन गझलांवरून आपली सारी दौलत ओवाळून टाकण्याची भाषा केली होती असे सांगतात. आख्यायिका म्हणून ती घ्यावी, पण ती ज्या दोन रचनांभोवती जन्मली त्या तिला शोभतात. ‘वो कौन थी’ (१९६४) हा तर गूढकथेचा चित्रपट. त्यातील गीते नायिका मानवी आहे की पिशाच्च, या संशयाच्या धुक्यात योजलेली. त्यातले ‘लग जा गले’ हे पहाडीच्या सुरांवर उभे असलेले गाणे आज कोणीही गूढकथेसाठी ऐकत नाही. रहस्य उलगडले की कथा संपते. निरोपाचा क्षण मात्र प्रत्येकाच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो, म्हणून ते गाणे उरले.

तिसरी गोष्ट रागाची. एकाच बैठकीत ‘देख कबीरा रोया’ (१९५७) मधील अहीर भैरवाच्या छायेतील गीत, ‘मेरा साया’ (१९६६) मधील भीमपलासाचे गीत आणि ‘दस्तक’मधील चारुकेशीची ठुमरीच्या वळणाची रचना ऐकली, म्हणजे हा संगीतकार रागाची सनद श्रोत्यापुढे नाचवीत नाही हे पटते. राग येतो तो घरातल्या वडील मंडळींसारखा: सारे काही त्याच्या नजरेखाली चालते, पण तो प्रत्येक वाक्यात बोलत नाही. भीमपलासाच्या त्या गीतात सतार ज्या ममतेने कंठाच्या मागोमाग येते, तीही ऐकण्याची वस्तू आहे. सहाव्या दशकानंतरच्या त्यांच्या कित्येक गाण्यांत रईस खाँ यांची सतार अशी दुसऱ्या गायिकेसारखी वावरते. आणि वाद्यमेळाची सूक्ष्म बांधणी मास्टर सोनिक यांच्या हातची. हेही विसरता कामा नये, की त्या काळी गायिका, साजिंदे आणि संगीतकार एकाच दालनात उभे राहून संपूर्ण गाणे एका दमात मुद्रित करीत. मध्ये एखादे व्हायोलिन चुकले तरी सर्वांनी पुन्हा मुखड्यापासून आरंभ करायचा. त्या गाण्यांत जो सजीव ताण जाणवतो, त्याचे एक कारण या सामुदायिक जबाबदारीत आहे.

या संग्रहावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. बारा गाण्यांतील बहुतेक विरहाची, व्याकुळतेची आहेत. त्यावरून मदनमोहन म्हणजे केवळ अश्रूंचे संगीतकार, असा समज श्रोत्याचा व्हावा. ज्या ‘मेरा साया’त भीमपलासाची ती आर्तता आहे, त्याच चित्रपटात आशा भोसल्यांच्या आवाजातील बरेलीच्या बाजाराचे अल्लड गीतही आहे, ‘जहाँआरा’त तलत महमूदांचा मखमली विषाद आहे, ‘हकीकत’ (१९६४) मध्ये महंमद रफींच्या कंठातून निघालेली सैनिकाची वेदना आहे, जी कदाचित स्वतः लष्करी पोशाख घातलेल्या माणसालाच सुचावी. हे सर्व या तबकडीबाहेर राहिले. परंतु वेचा हा वेचाच असतो. ‘नवनीत’ वाचून मोरोपंत संपले असे जो मानील, त्याने दोष गोडबोल्यांना न देता आपल्या आळसाला द्यावा. एक कंठ आणि एक रचनाकार, एवढीच मर्यादा आखून घेतल्यामुळे जे दिसते ते तरी नीट दिसते. दोन्ही गोष्टी स्थिर राहिल्या, की गाण्यागाण्यांतला फरक कोठून आला याचा शोध कान आपोआप घेऊ लागतो; आणि असा शोध घेणाऱ्या कानांना मग संग्रहाबाहेरच्या गाण्यांची वाटही सापडते.

‘दस्तक’मधील मजरूह सुलतानपुरी यांची एक रचना लताबाईंच्या आवाजात आहे, आणि खुद्द मदनमोहनांच्या आवाजातही ती मुद्रित झालेली आहे. पुढील टिपणांत या दोन मुद्रणांवर मी सर्वांत अधिक पाने खर्चिली आहेत, त्याचे कारण येथे सांगून ठेवतो. संगीतकाराचा आवाज शिकवलेला नाही. त्यात थोडी खर आहे, तो चढावर किंचित थकतो, पण प्रत्येक हरकत जेथे जन्मली तेथूनच ती येते. त्यानंतर लताबाई ऐकाव्यात. तीच चाल, त्याच जागा, आणि तरीही ती व्यथा आता एका व्यक्तीची उरलेली नाही. भावाने बहिणीला सांगितलेले दुःख तिने जगाला सांगावे, इतक्या विश्वासाने ते एका कंठातून दुसऱ्यात गेले आहे. एकदा ही दोन मुद्रणे पाठोपाठ ऐकली, की तबकडीवरील बाकीच्या गाण्यांतही, लताबाईंच्या स्वच्छ सुराखाली, हार्मोनियम पुढ्यात घेऊन चाल समजावून सांगणारा तो किंचित खरखरीत आवाज ऐकू येऊ लागतो.

१४ जुलै १९७५ रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मदनमोहन गेले. ‘मौसम’ आणि ‘लैला मजनू’ या चित्रपटांचे यश पाहण्यास ते नव्हते. त्यांच्या न वापरलेल्या चाली घरी जपून ठेवलेल्या होत्या. त्यांचे पुत्र संजीव कोहली यांनी त्या बाहेर काढल्या, आणि २००४ सालच्या ‘वीर-झारा’ या चित्रपटासाठी पंचाहत्तरीच्या लताबाईंनी त्या गायिल्या. चाल सुचणे आणि ती गायिली जाणे यांत एका पिढीचे अंतर पडले. पण ज्या कंठासाठी त्या चाली जपलेल्या होत्या, तोच कंठ त्यांना मिळाला. २०२२ च्या फेब्रुवारीत लताबाईही गेल्या, आणि हा पत्रव्यवहार पूर्ण झाला.

वाचकांना एक विनंती आहे. पुढील टिपणे आधी वाचू नयेत. तबकडीची पहिली बाजू सलग ऐकावी, आवडते गाणे पुन्हा लावण्याचा मोह आवरावा, आणि एका गाण्याचा अखेरचा सूर विरल्यानंतर दुसऱ्याचा पहिला सूर उमटेपर्यंत सुई ज्या गुळगुळीत वर्तुळावरून मूकपणे सरकते, त्या चार क्षणांकडे कान द्यावेत. गाण्यांचा शेजार म्हणतात तो त्या मूक वर्तुळांतच आहे. तेथे मागचे गाणे अजून मनातून गेलेले नसते, पुढचे अजून आलेले नसते, आणि दोघांनाही ज्याने जन्म दिला तो मनुष्य तेवढ्या अवकाशात क्षणभर आपल्याजवळ येऊन बसतो. त्याची गाठ पडल्यावर, आणि मगच, माझी पाने उघडावीत.